अठरा लाल रेघा

माझ्या रॅचेटला दादा खेळणं म्हणायचा. साइटवर चारचौघांत ते माझ्या हातात दिसलं की विचारायचा, "काय गं, भातुकली संपली की नाही तुझी?" आणि सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे, पण आतून चरफडत.

रॅचेट म्हणजे नट आवळायचा असा पाना, जो दर वेळी नटावरून काढून पुन्हा बसवावा लागत नाही. पुढे ओढला की नट फिरतो, मागे आणला की नुसता टकटक करत मोकळा परत येतो. सगळ्यांकडे असतं ते कोपरापासून मनगटापर्यंत लांब असतं. माझं तळहातात मावतं. दांडा चार बोटांचा, आणि डोक्याच्या आतले दाते इतके बारीक की ते जरासं हललं तरी पुढचा दाता पकडतं. लांब रॅचेटचे दाते मोठे. त्याला ऐसपैस जागा लागते, तेव्हा कुठे ते पुढच्या दात्यावर जाऊन बसतं. मी माझ्या रॅचेटला बुटकी म्हणते. मी स्वतः पाच फुटांच्या आत आहे, त्यामुळे आमचं छान जमतं.

मला साइटवर टाचणी म्हणतात. बारीक आहे म्हणून आणि टोचते म्हणून. हे नावही दादानेच पाडलेलं. तो माझा सख्खा थोरला भाऊ, पण कामावर त्याच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेही त्याला दादाच म्हणतात. सहा फूट उंची, पंजा एवढा की माझे दोन्ही हात त्यात हरवतील. बाबा गेल्यानंतर मी इलेक्ट्रिशियन होणार म्हटल्यावर घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. आत्याने तर पंधरा दिवस अबोला धरला. दादा जेवता जेवता एवढंच म्हणाला, "उद्यापासून ही माझ्याबरोबर येईल." विषय संपला. हे सगळं आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्याशी जशी वागले ते वाचून कुणी मला कृतघ्न म्हणेल.

तर त्या दिवशी आम्ही एका इस्पितळाच्या तळघरात होतो. इस्पितळाचा नवीन भाग बांधून तयार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिथे पेशंट हलवायचे होते. ज्या पॅनेलमधून त्या सगळ्या भागाला वीज जाणार, ते कपाटाएवढं पॅनेल तळघरातल्या एका खोलीत बसवलं होतं, आणि बसवणाऱ्याने ते भिंतीला असं खेटून बसवलं होतं की मागे जेमतेम एक वीत आणि चार बोटं जागा उरली. कुणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली कोण जाणे. त्या माणसाला एकदा त्या फटीत उभं करून वरून जेवणाचा डबा द्यावा अशी माझी फार इच्छा आहे.

पॅनेलच्या पोटात तांब्याच्या जाड पट्ट्या असतात, वीज त्यांच्यातूनच धावते. त्या पट्ट्या एकमेकींना नट-बोल्टने जोडतात. जोड घट्ट असला तर काही प्रश्न नाही. ढिला राहिला तर वीज तिथे अडखळते, अडखळली की तापते, आणि दिवसांमागून दिवस तापत तापत एक दिवस पेट घेते. बरोबर त्या खोलीच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, नुकत्याच जन्मलेल्या नाजूक बाळांना काचेच्या पेटीत ठेवायची खोली होती. मी ती सकाळी बघून आले होते. छोट्या छोट्या बारा पेट्या, त्यांवर अजून प्लॅस्टिकचे कागद.

आमच्याकडे पद्धत अशी आहे. नट घट्ट केला की त्यावर रंगाच्या पेनने एक रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर. नट उद्या केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. प्रत्येकाचा रंग ठरलेला. दादाचा लाल, माझा पिवळा. एकाने आवळायचं, दुसऱ्याने तपासून त्याच्या शेजारी आपली रेघ ओढायची आणि कागदावर सही करायची. पॅनेलच्या मागच्या अंगाला अठरा नट होते. ते दादाने पुढच्या झरोक्यातून खांद्यापर्यंत हात घालून, न बघता, नुसत्या स्पर्शाने आवळले होते. अख्ख्या साइटवर एवढं लांब पोचणारा हात त्याचाच. आणि मागच्या फटीत शिरून ते डोळ्यांनी बघू शकेल असं अंग माझंच. म्हणून भावाचं काम बहिणीने तपासायचं ठरलं.

दुसरी पद्धत कुलपाची. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं. माझ्या कुलपावर माझा फोटो चिकटवलेला आहे. किल्ली एकच, ती माझ्या खिशात. ते कुलूप मी काढल्याशिवाय वीज सुरू होत नाही.

मी फटीत शिरले, म्हणजे श्वास सोडून आडवी सरकले. टॉर्च दातांत धरली. अठराच्या अठरा नटांवर लाल रेघा होत्या, सरळ, पातळ, फूटपट्टीने ओढाव्यात तशा. न बघता ओढलेल्या रेघा एवढ्या सरळ कशा येतात हे मला अजून कोडं आहे. मला अभिमानच वाटला. नुसत्या रेघा बघून सही केली असती तर पाच मिनिटांत बाहेर आले असते.

पण मी बुटकी काढली. पहिल्या नटावर बसवली आणि ओढली.

नट फिरला.

मागे आणली, टक. पुढे ओढली, पुन्हा फिरला. टक, टक, टक, करता करता तो अर्धा फेरा फिरला आणि मग कुठे अडला. दादाची सरळ रेघ मधोमध तुटून नटावरचा तुकडा दुसऱ्याच दिशेला गेला. मला वाटलं एखादा राहिला असेल, माणूस आहे. दुसरा बघितला. तोही तसाच. तिसरा, चौथा. पाच नट बघितले आणि थांबले. बोटांनी फिरवून जेवढा बसतो तेवढाच प्रत्येक नट बसला होता. पाना लागलाच नव्हता, आणि वर रेघ होती.

कुणी दुसऱ्याचं काम असतं तर मी तिथूनच शिव्या हासडल्या असत्या. दादाचं काम होतं म्हणून मी फटीत तशीच भिंतीला टेकून राहिले. पंचवीस वर्षांत त्याची खोटी रेघ कुणी बघितली नव्हती. त्याला दुसऱ्याला फसवणं जमतच नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. लहानपणी पत्त्यांतसुद्धा तो स्वतःची चोरी स्वतःच सांगून टाकायचा.

बाहेर आले तेव्हा दादा पाठमोरा उभा राहून वायरचं भेंडोळं गुंडाळत होता. शेजारच्या खोलीत भिंत फोडायची मशीन घरघरत होती.

"दादा, मागचे नट ढिले आहेत."

तो गुंडाळत राहिला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पुन्हा म्हणाले. आता त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"कुठले ढिले? रेघ दिसत नाही तुला?"

"रेघ दिसते. पण पाच बघितले, पाचही अर्धा फेरा फिरले."

"त्या खेळण्याने?" तो हसला, पण पुरतं नाही. "अगं, दोन दोन वेळा ओढलेत मी. दांडा पुढे जाईना इतके घट्ट केलेत."

तेवढ्यात यादीसाहेब आले. हे आमच्या साइटचे इंजिनिअर. माणूस वाईट नाही, पण त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीची यादी लागते. स्टोअरच्या भिंतीवर अवजारांची यादी चिकटवलेली आहे, तिच्यात नसलेलं अवजार साइटवर आणायचं नाही. बुटकीला यादीत घ्या म्हणून मी तीनदा अर्ज केला होता. तिन्ही वेळा "गरज नाही" असा शेरा मारून अर्ज परत आला. तेव्हापासून ती माझ्या डब्याच्या पिशवीतून रोज आत येते आणि रोज बाहेर जाते. जाड हातमोजे मात्र यादीत आहेत. वीज बंद असली तरी ते घालायचे, कारण यादीत आहेत.

"झाली तपासणी?" साहेबांनी कागद पुढे केला. "सही कर. उद्या दहाला पेशंट यायचेत, आज चारला वीज सोडून बघायची आहे."

"सही होणार नाही," मी म्हणाले. "मागचे नट ढिले आहेत."

साहेबांनी दादाकडे बघितलं. दादाने मान हलवली. "घट्ट आहेत साहेब. हिचा काहीतरी गैरसमज झालाय."

"कशाने तपासलंस?"

मी बुटकी दाखवली. लपवून काय करायचं होतं?

"हे यादीत आहे?"

"नाही."

"मग या अवजाराने केलेली तपासणी झालीच नाही असं मी धरतो."

"धरा. नटांनी तर काही धरलेलं नाही, तुम्ही तरी धरा."

साहेब लाल झाले. मला माहीत आहे, माझी जीभ माझ्या आधी पोचते. पण त्या क्षणी मला वरच्या बारा पेट्या दिसत होत्या, आणि हा माणूस मला कागद दाखवत होता.

"हे बघ," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "तू सही केली नाहीस तर मला लिहावं लागेल की तुझ्या भावाने न आवळता रेघा ओढल्या. खोटी रेघ ओढणाऱ्याचा गेटपास त्याच दिवशी जातो. नियम मी केलेला नाही. तुला ते हवंय का?"

मला ते नको होतं. दादाला या कामाशिवाय दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही करायची त्याची इच्छाही नाही. रविवारी घरी बसला तरी वहिनीच्या मिक्सरचे स्क्रू खोलून बघतो. मी कागदाकडे बघितलं आणि साहेबांना वाटलं, माझं मन वळलं. त्यांनी पेन पुढे केलं.

"एक नट," मी म्हणाले. "एकच. मी बुटकी न लावलेला. दादा तो माझ्यासमोर आवळेल. मी मागून बघते, तुम्ही झरोक्यातून दांडीवरचा छोटा आरसा आत धरून बघा. त्याने घट्ट म्हटल्यावर मी बुटकी लावीन. नाही फिरला तर सही करते आणि बुटकी तुमच्या स्टोअरमध्ये जमा करते. आयुष्यभर."

हे ऐकून दादाच पुढे झाला. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "चला," म्हणाला, "होऊन जाऊ दे."

जेवणाची सुट्टी झाली होती. शेजारची मशीन बंद झाली आणि तळघर एवढं शांत झालं की वरच्या मजल्यावर कुणी फरशी पुसत होतं त्या बादलीचा आवाज येत होता. मी पुन्हा फटीत सरकले. दादाने जाड हातमोजे चढवले, झरोक्यातून खांद्यापर्यंत हात आत घातला. माझ्या टॉर्चच्या उजेडात त्याचा पंजा आला, लांब रॅचेट घेऊन. चाचपत चाचपत त्याने ते सहाव्या नटावर अचूक बसवलं.

त्याने दांडा ओढला. दांडा दोन बोटं सरकला आणि पॅनेलच्या सांगाड्याच्या लोखंडी अँगलला जाऊन भिडला. त्याने मागे आणला, तर मागे तांब्याची पट्टी. पुन्हा पुढे, पुन्हा अँगल. रॅचेटला पुढचा दाता पकडायला जेवढं मागे यावं लागतं तेवढी तिथे जागाच नव्हती. ते त्याच दात्यात पुढे-मागे डोलत होतं. नट जागचा हलला नव्हता. हाताला मात्र दर वेळी लोखंड लागत होतं, कडक, घट्ट.

पण मला दिसलं ते एवढंच नव्हतं. मला जे ऐकू आलं नाही, ते जास्त महत्त्वाचं होतं. रॅचेट परत येताना टक करतं. टक झालं नाही तर ते नुसतं डोलतंय, नट फिरत नाही. ही गोष्ट शिकायला शाळा लागत नाही. बाबांनी आम्हा दोघांना ओट्यावर बसवून, डोळ्यांवर रुमाल बांधून, नुसत्या आवाजावरून नट आवळायला लावले होते. दादा त्यात दर वेळी जिंकायचा. आणि आता त्या शांत खोलीत त्याचं रॅचेट मुकं होतं, आणि तो निवांत ओढत होता.

"घट्ट," तो झरोक्यातून म्हणाला.

"दादा," मी फटीतून जरा मोठ्याने म्हणाले, "बोलत होतं का रॅचेट?"

"बोलत होतं की. मस्त."

एकदम सगळं समोर आलं. टीव्हीचा आवाज एवढा की शेजारी भिंत ठोकतात. फोन आला की "तूच बोल" म्हणून वहिनीच्या हातात. वहिनी सगळ्यांना हसत सांगते, यांना घरातलं काही ऐकायचंच नसतं, आणि आम्ही सगळे हसतो, आणि तो आमच्याकडे बघून सगळ्यांत शेवटी हसतो. पंचवीस वर्षं भिंती फोडायच्या मशीनशेजारी उभा राहिला होता माझा भाऊ. त्याचे कान गेले होते, आणि ते त्याने आम्हा सगळ्यांपासून लपवलं होतं.

मी बुटकी लावली. टक, टक, टक. रेघ तुटली. साहेबांनी आरशात बघितलं.

"दांडा अँगलला आपटतो," मी बाहेर येऊन भराभर म्हणाले. "हाताला वाटतं नट अडला, पण अडतो दांडा. तिथे लांब रॅचेट चालणारच नाही. चूक यादीची आहे. बाकीचे नट मी करते, तासाभरात होतील, कुणाचं काही लिहू नका."

साहेब मूर्ख नव्हते, हीच तर अडचण होती. "पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसाला कळत नाही, की नट फिरतोय की दांडा आपटतोय?" ते म्हणाले. "नाही पटत. एखादा नवखा चुकेल. तुझा भाऊ अठरा वेळा चुकेल? त्यापेक्षा तू तुझं ते यंत्र उलटं लावून नट ढिले केलेस हे जास्त पटतं. भावाच्या जागेवर तुला यायचंय, दुसरं काय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक वाक्य बोलले असते तर साहेबांना सगळं पटलं असतं. त्याला ऐकू येत नाही. चारच शब्द. पण ते माझे नव्हते. ते त्याने तीन-चार वर्षं जिवापाड सांभाळले होते, मी ते असे तळघरात फेकायचे?

"सही?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"ठीक आहे. तू ढिले केलेले सहा चारच्या आत तो पुन्हा आवळेल, सही मी करीन. कुलूप काढ."

"नाही."

"कुलूप काढ म्हणतो."

"कुलूप माझं आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. मी खोटारडी असेन, भावाच्या वाईटावर असेन, काय हवं ते लिहा. त्या अठरा नटांवर माझी पिवळी रेघ येईपर्यंत ते कुलूप तिथेच राहील."

साहेब कोपऱ्यात गेले, कुलूप तोडायचा मोठा कटर उचलला आणि दादासमोर येऊन त्याच्या हातात दिला. "तोड. तुझी बहीण आहे म्हणून तुलाच सांगतो. नाहीतर दुसऱ्याला बोलावतो."

दादा मेन स्विचपाशी गेला. मी आडवी गेले नाही. त्याच्या वाटेत मी येऊ शकते, पण त्याला अडवू शकत नाही, एवढी अक्कल मला आहे. त्याने कटरचं तोंड कुलपाच्या कडीवर ठेवलं आणि कुलपावरचा माझा फोटो बघत उभा राहिला. तो फोटो त्यानेच चिकटवला होता, माझ्या कामाच्या पहिल्या दिवशी. तेव्हा म्हणाला होता, ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. साहेब येऊ दे, मी येऊ दे, कुणालाही काढू द्यायचं नाही. मी तेव्हा विचारलं होतं, तूसुद्धा नाही? तो म्हणाला होता, मी तर मुळीच नाही.

तो वळला आणि थेट माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मगाशी रॅचेट बोलत नव्हतं ना?"

मी मान हलवली. नव्हतं.

"एकदाही?"

"एकदाही नाही."

त्याने कटर खाली ठेवला. आपटला नाही, नीट भिंतीला टेकवून ठेवला, त्याच्या सवयीप्रमाणे.

"साहेब," तो म्हणाला, "नट फिरला नाही हे हिला ऐकू आलं. मला नाही आलं. मला ऐकू येत नाही. डाव्या कानाने मुळीच नाही, उजव्याने थोडं. तुमच्या तोंडाकडे बघून कळतं तेवढं कळतं. नट आवळताना शेजारी मशीन चालू होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मलाही नाही. हाताला लोखंड लागलं, मला वाटलं घट्ट." तो थांबला. "रेघा मी ओढल्यात. हिने काही उलटं फिरवलेलं नाही. ती टोचते, पण खोटं बोलत नाही."

साहेबांनी भिंतीला टेकवलेल्या कटरकडे बघितलं. मग म्हणाले, "ऐकू येत नसेल तर तुला हे काम करता येणार नाही."

दादाने त्यांच्या ओठांवरून ते वाचलं. "ते उद्या ठरवा," तो म्हणाला. "आज अठरा नट माझ्या रेघेखाली ढिले आहेत. ते मी घट्ट केल्याशिवाय इथून हलणार नाही. बुटकी दे गं."

मी दिली. त्याने जाड हातमोजे काढले आणि खिशात कोंबले.

"हातमोजे यादीत आहेत," साहेब म्हणाले. दादा तेव्हा झरोक्यात वाकत होता. त्याला ते कळलं की नाही कोण जाणे.

मी फटीत शिरले. टॉर्चच्या उजेडात त्याचा उघडा पंजा आत आला. बुटकी त्याच्या मुठीत पूर्ण बुडाली होती, दांडा दिसतच नव्हता. माझ्या हाताला तिथे जेमतेम जागा होती. त्याच्या एवढ्या मोठ्या हातालाही होती, कारण हाताबाहेर काही उरलंच नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं की अंगठा बुटकीच्या डोक्यावर ठेव, तर त्याने आधीच ठेवला होता. बारीक दात्यांची टकटक कानाला नाही आली तरी उघड्या अंगठ्याला लागते. त्याने एकदा पुढे ओढलं, मागे आणलं, आणि क्षणभर हात थांबला.

"टक," दादा म्हणाला.

त्याने पुन्हा ओढलं. "टक. टक." तो मोठ्याने म्हणत होता, आमच्या ओट्यावर म्हणायचा तसा, आणि त्याचा आवाज आणि बुटकीचा आवाज एकावर एक पडत होते. एकही चुकला नाही. मला फटीत डोळे पुसायला हात वर नेता येईना, मग मी तशीच रडले. भिंतीला काय फरक पडतो.

बुटकीचा दांडा आखूड, त्यामुळे शेवटचा जोर हाताला द्यावा लागतो. मी आवळलेल्या पहिल्या सहा नटांवरही त्याने ती लावली आणि मी अर्धा फेरा म्हणून सोडले होते ते आणखी बोटभर घट्ट बसले. म्हणजे माझ्या एकटीच्या हातानेही ते काम पुरतं झालं नसतं. हे मी त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं, तर म्हणाला, भातुकलीत एवढंच व्हायचं.

प्रत्येक नट झाला की मी त्याची जुनी लाल रेघ थिनरच्या फडक्याने पुसत होते. तो झरोक्यातून लाल पेन आत घालायचा, मी त्याचं बोट धरून नटापर्यंत न्यायचे, तो रेघ ओढायचा आणि शेजारी मी माझी पिवळी. अठरा नटांना सव्वा तास लागला. शेजारची मशीन मध्येच पुन्हा सुरू झाली आणि मला बुटकी ऐकू येईनाशी झाली. झरोक्यातून येणारं "टक" तेवढं येत राहिलं. त्याला त्या मशीनचा काही फरक पडत नव्हता.

बाहेर आले. साहेब तिथेच एका खोक्यावर बसून होते. मी कागद घेतला, सही केली, आणि "वापरलेली अवजारे" या रकान्यात लिहिलं: बुटकं रॅचेट, एक.

"हे यादीत नाही," साहेब म्हणाले.

"आता कागदावर आहे. यादीत कधी घ्यायचं ते तुम्ही बघा. नाही घेतलंत तर उद्यापासून डब्याच्या पिशवीतून आणणार नाही, हातात धरून आणीन."

मी जाऊन माझं कुलूप काढलं. दादा आमच्याकडे पाठ करून हात पुसत होता. साहेबांनी कागदाची घडी केली, खिशात घातली, दाराकडे निघाले आणि जाता जाता त्याच्या पाठीला म्हणाले, "उद्या सकाळी आठला केबिनमध्ये ये. तुझं काय करायचं ते बोलायला लागेल."

दादा हात पुसत राहिला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे तूच सांग त्याला.

मला सांगता आलं असतं. इतकी वर्षं घरात वहिनी तेच करत होती, न समजता.

"साहेब," मी म्हणाले, "समोर येऊन बोला. दादाला मागून ऐकू येत नाही."

साहेब दारात थांबले. मग ते परत आले, वायरच्या भेंडोळ्याला वळसा घालून दादाच्या समोर जाऊन उभे राहिले, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले, सावकाश.

दादाने त्यांच्या ओठांकडे नीट बघितलं.

"येतो," तो म्हणाला. "बुटकी घेऊन येतो."